समासातलं भांडण

टिंगीच्या बाबांना एक खोड होती. काहीही बिघडलं की ते म्हणायचे, "हेही भल्यासाठीच." बस चुकली, हेही भल्यासाठीच. दूध उतू गेलं, हेही भल्यासाठीच. एकदा तर माळ्यावरची ट्रंक थेट पायावर आदळली, अंगठा टम्म सुजला, आणि स्वारी लंगडत लंगडत आईला सांगते, "अगं, भल्यासाठीच! ट्रंकेत काय होतं ते तरी कळलं." ट्रंकेत जुनी वर्तमानपत्रं होती. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

घर ज्यू लोकांचं. त्यांच्यात फार जुन्या काळी एक गुरू होऊन गेले म्हणतात; त्यांच्यावर एकामागून एक संकटं कोसळली तरी ते प्रत्येक वेळी हेच म्हणायचे. बाबांनी ते वाक्य उचललं आणि चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावता लावता गावभर ऐकवलं. वाक्य चांगलंच आहे हो. पण औषध झालं तरी ते कुणाला, कधी पाजायचं हे बघायला नको का?

आठ महिन्यांपूर्वी बाबा ते वाक्य हॉस्पिटलात बोलून बसले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

टिंगी चौतीस वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं, पण दोन वर्षांची असताना ती बाबांच्या वर्कशॉपमधल्या पियानोची एकच पट्टी दिवसभर बडवत बसायची, टिंग टिंग टिंग, शेजारपाजारच्यांचं डोकं उठेपर्यंत. तेव्हापासून ती टिंगी. मोठी झाली, बाबांचाच धंदा शिकली, आणि पंधरा वर्षं बापलेकींनी मिळून शाळांचे, सभागृहांचे, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांतले पियानो लावले. मग एके दिवशी सकाळी उठली तर डाव्या कानात काही नाही. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसतं काही नाही. दोन आठवडे औषधं झाली, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून शांतपणे सांगितलं, "हा कान परत येणार नाही."

खोलीत आई होती, बाबा होते. आईनं टिंगीचा हात धरला. आणि बाबा म्हणाले, "हेही भल्यासाठीच."

टिंगीनं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ती वर्कशॉपची पायरी चढली नाही. गावातल्या वाचनालयात तिनं नोकरी धरली. परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. बोलायचं काम नाही, ऐकायचं काम नाही. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, ती आपल्याचसाठी लावलीय असं तिला वाटायचं. बाबांशी अबोला नव्हता, पण बोलणं म्हणजे "मीठ द्या" आणि "दार लावून घ्या" एवढंच. पियानोचा विषय निघाला की ती ताट उचलून उठायची.

बाबांना जगात एकच गोष्ट हवी होती: टिंगीनं परत किल्ली हातात घ्यावी. ज्या किल्लीनं पियानोच्या खुंट्या पिळून तारा ओढतात किंवा सैल सोडतात, ती तिची किल्ली वर्कशॉपात खिळ्याला लटकत होती आणि बाबा रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसत होते. आणि खरं सांगायचं तर टिंगीलाही दुसरं काही नको होतं. पण करून बघितलं आणि नाही जमलं तर? आत्ता निदान "मी सोडलं" म्हणता येत होतं. बघितलं असतं तर "माझं गेलं" म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायची तिची छाती नव्हती.

आता वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण वहीनंच घडवलं.

ज्यू लोकांत एक जुनी रीत आहे. एखादं घर मोठ्या संकटातून वाचलं, तर त्या घरानं तो दिवस दरवर्षी आपला खासगी सण म्हणून पाळायचा: एकत्र बसायचं, पोटभर जेवायचं आणि ती हकिगत मोठ्यानं वाचायची. टिंगीच्या घराला हा मान खापरपणजोबांनी मिळवून दिला. त्यांचा एक जोडा नदीकाठच्या चिखलात रुतला. जोडा नवा, माणूस हट्टी. ते शिव्या घालत चिखल उपसत बसले, आणि तेवढ्यात पलीकडे जाणारी नाव सुटली. ती नाव मधल्या धारेत उलटली. खापरपणजोबा एका पायात जोडा घालून घरी आले आणि त्यांनी वही सुरू केली.

पुढे प्रत्येक पिढीनं तिच्यात भर टाकली. पणजीचा विषमज्वर, आजोबांची बुडालेली लाकडाची वखार, आणि आत्याचं मोडलेलं लग्न. (आत्यानं त्या पानावर एकच ओळ लिहिलीय: "सुटले!" आणि दरवर्षी ती वाचताना टेबल हसून हसून हलतं.) वहीचे नियम कडक. आपलं संकट आपणच लिहायचं. शाईनं लिहायचं, खोडायचं नाही. आणि एखाद्याला लिहिलेलं पटलं नाही तर त्यानं समासात हरकत लिहायची. त्यांच्या जुन्या धर्मग्रंथांची पानं अशीच असतात: मधे मूळ मजकूर आणि चहूबाजूंनी पिढ्यान् पिढ्यांचं भांडण. जो हरला त्याचंही म्हणणं जपून ठेवलेलं असतं.

वही आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पंचाहत्तरीची, निवृत्त सुईण. अर्ध्या गावाला तिनं या जगात ओढून आणलेलं, त्यामुळे ती कुणालाच घाबरत नसे. सणाला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिनं वही उन्हाला लावायला काढली आणि शेवटचं पान बघून तिचा चष्माच घसरला. तिनं टिंगीला फोन केला. "हातातलं काम टाक आणि ये."

टिंगी गेली. पानावर बाबांच्या हिरव्या शाईत लिहिलं होतं: "या वर्षी आमच्या टिंगीचा डावा कान गेला. त्यातूनच ती माझ्याहून मोठी ट्यूनर झाली. हेही भल्यासाठीच."

झाली! घडून गेल्यासारखं! अहो, ती पोरगी वाचनालयात पुस्तकं लावतेय, आणि इकडे बापानं तिची सुटका लिहूनसुद्धा टाकली. वही गेल्या महिन्यात त्यांनी "बांधणी तपासतो" म्हणून नेली होती, तेव्हाचा हा पराक्रम.

"गाढव आहे," आत्या म्हणाली. "लहानपणीही असाच होता. परीक्षेआधीच पास झालो म्हणून पेढे मागायचा."

टिंगीला हसू येईना. तिचे कान तापले; दोन्ही तापले, ऐकू न येणाराही. "माझं दुःख, आणि शेवट हे लिहिणार? कुणी दिला अधिकार?"

"कुणीच नाही. ते वाक्य आपल्या जखमेला लावायचं असतं, बाई. दुसऱ्याला लावलं की ते मीठ होतं. दुसऱ्यासाठी आपण जेवण न्यायचं, शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. आपली जुनी माणसं काय वेडी होती? ज्याच्या घरात अजून प्रेत पडलंय त्याचं सांत्वन करू नका म्हणून सांगून गेली." आत्यानं पेन तिच्यापुढे सरकवलं. "पण खोडता येणार नाही. नियम म्हणजे नियम. हरकत असेल तर समास मोकळा आहे."

टिंगीनं लिहिलं: "खोटं आहे. मी ट्यूनर राहिलेले नाही." पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं वही पिशवीत घालून वर्कशॉपात नेली. संध्याकाळी परत आणली तेव्हा खाली हिरवी ओळ होती: "हरकत वाचली. पुरावा काय?"

"पुरावा?" टिंगी ताडकन उठली. "एका कानानं पियानो लागत नाही, हा पुरावा!" आणि तिनं तेच लिहिलं.

वही गेली, वही आली. "लावून बघितलास?"

टिंगीनं लिहिलं: "नाही. गरज नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"तुम्हाला तरी कसं कळलं?"

असं आठवडाभर चाललं. घरात "मीठ द्या" च्या पलीकडे न जाणारी ही दोघं समासात कचाकचा भांडत होती. आई म्हणाली, "अहो, समोरासमोर बसून भांडा की, त्या म्हातारीचे पाय तरी वाचतील." पण आत्या खुशीत होती. तिनं चालायला नवे बूट घेतले. आणि मजा अशी की वाचनालयात पुस्तकं लावताना टिंगी मनातल्या मनात पुढचं वाक्य जुळवत असायची, आणि एकदा तर एक चांगलं उत्तर सुचल्यावर ती 'शांतता राखा'च्या पाटीखाली मोठ्यानं हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

समास भरत आला तेव्हा आत्यानं स्वतःचं पेन काढलं आणि उरलेल्या जागेत ठोकून दिलं: "दोघंही न बघता बोलताय. रविवारी सकाळी दहा, वर्कशॉप. टिंगीनं पियानो लावायचा, यानं तपासायचा. पुढचं त्यानंतर लिहा. जागा संपली."

टिंगी गेली ती हरायला. हे नीट ध्यानात घ्या. एकदाचा हा पियानो बेसूर लावून दाखवू, बाबांच्या तोंडाला कुलूप लागेल आणि विषय मिटेल, अशा हिशेबानं ती गेली. पण रविवारी सकाळी जिन्यात ती एकटी नव्हती. खरोखरच नाही जमलं तर, हे भूत तिच्याबरोबर एकेक पायरी चढत होतं.

वर्कशॉपात लाकडाचा आणि लोकरीच्या नमद्याचा तोच वास होता. शिकाऊ माणसांच्या हातचा मार खाऊन खाऊन निर्ढावलेला जुना उभा पियानो पुढचं झाकण काढून ठेवला होता, आणि त्याच्या तारा बाबांनी आधीच मनसोक्त उतरवून ठेवल्या होत्या. बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आत्या त्यांच्या शेजारी, राखणीला.

पहिला अर्धा तास नुसता वैताग. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. नमद्याच्या पाचरी सारून दोघींना गप्प करायचं आणि तिसरी लावायची. मग उरलेल्या एकेक करून तिच्याशी जुळवायच्या. दोन तारा किंचितही फटकून असल्या की सूर थरथरतो, वांव-वांव-वांव, आणि खुंटी केसभर फिरवली की ती थरथर संथ होत होत थांबते. सगळी विद्या त्या थरथरीत. पण आता आवाज कुठून येतोय तेच तिला कळेना. सगळं एकाच बाजूला गोळा होऊन यायचं. तिनं मान वळवून बघितली, स्टूल फिरवून बघितलं, उभी राहिली, बसली. शेवटी वैतागून तिनं हनुवटीच पियानोच्या लाकडावर टेकली आणि पट्टी दाबली.

थरथर जबड्यातून वर आली. वांव-वांव. तिनं खुंटी पिळली. वांव... वांव... आणि थांबली.

टिंगीनं पुन्हा पट्टी दाबली. थांबलेलीच होती.

मग तिनं पुढची लावली. आणि त्याच्या पुढची. कुठे हनुवटी, कुठे उजवा कान तारांजवळ नेऊन. मधल्या सप्तकातली एक खुंटी सैल होती, लावली की घसरायची. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा टिंगीच्या तोंडून अशी काही शिवी निघाली की बाहेर आत्या दचकली. बाबांनी डोळे मिटले. पंधरा वर्षं ती त्याच खुंटीला तीच शिवी देत आली होती.

अडीच तासांनी तिनं किल्ली खाली ठेवली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण हरायला आलो होतो. मधले दोन तास ते सपशेल विसरायला झालं होतं. आता बाबा आत येणार. दोन सूर वाजवणार आणि म्हणणार, "वा! मी म्हटलं नव्हतं?" तसं म्हणाले तर ती या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नव्हती. कारण मग पियानो लागला की नाही हे तिला कधीच कळलं नसतं. बाबांना सगळंच भल्यासाठी, मग बेसूरही भल्यासाठीच.

बाबा आले. हातात खडू. ते बसले आणि डावीकडच्या टोकापासून एकेक पट्टी दाबत निघाले. खालची दोन सप्तकं गेली. मधलं गेलं. मग एका पट्टीवर ते थबकले. परत दाबली. ज्या माणसानं ट्रंक पायावर पडल्यावरही चांगलंच शोधलं, त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पट्टीवर खडूनं फुली मारली.

पुढे आणखी एक. मग बराच वेळ काही नाही. मग वरच्या टोकाला, जिथे सूर टाचणीएवढे होतात तिथे, फुल्या पटापट पडल्या. आत्या दारात उभी राहून मोजत होती.

"अकरा," बाबा म्हणाले. "वरच्या दोन सप्तकांत नऊ. तिथे एक कान अजून कमी पडतोय. मेहनत घ्यावी लागेल. येईल की नाही, मला माहीत नाही."

"मला माहीत नाही" हे वाक्य बाबांच्या तोंडून टिंगीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"अकरा," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीत अकरा?"

"अकरा."

"म्हणजे सत्त्याहत्तर बरोबर?"

"सत्त्याहत्तर बरोबर."

टिंगी मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं, नाकाडोळ्यांतून. बाबा जमिनीवर तिच्या शेजारी बसून राहिले, गुडघे कुरकुरले तरी. आत्यानं आपला रुमाल पुढे केला.

"तेव्हा का म्हणालात तसं?" शेवटी टिंगीनंच विचारलं. "हॉस्पिटलात. मला फक्त रडायचं होतं हो बाबा. तुम्ही रडूच दिलं नाहीत."

"घाबरलो होतो गं," बाबा म्हणाले. "मी ते मला स्वतःला सांगत होतो. तोंडातून निघालं आणि पडलं तुझ्या अंगावर. त्यानंतर रोज वाटायचं, गिळून टाकावं ते वाक्य. ते जमेना, म्हणून वहीत खरं करून टाकायला गेलो." त्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं, पण हिरव्या शाईत?" आत्या म्हणाली. "पुसताही येईना."

टिंगीला रडता रडता हसू फुटलं, मग बाबांना, आणि मग तिघंही अशी खिदळली की खालच्या मजल्यावरच्या न्हाव्यानं छताला झाडूचा दांडा ठोकला.

सणाच्या दिवशी टेबल वाढवून दोन खोल्यांत पसरलं. चुलत, मामे, सगळा गोतावळा. जोडा चिखलात रुतला, नाव उलटली, सगळे दरवर्षीच्याच जागी ओरडले. आत्यानं "सुटले!" वाचलं आणि टेबल हललं. मग वही टिंगीकडे आली. ती उभी राहिली. तिनं बाबांची हिरवी ओळ वाचली, एका दमात. मग समासातलं सगळं भांडण वाचलं, दोन्ही बाजूंचं, बाबांच्या आवाजाची नक्कल करून. मामेभाऊ हसून खुर्चीवरून खाली यायचा बाकी होता. बाबा लाजून लाल.

"आता निकाल वाचते," टिंगी म्हणाली. नवं पान, काळी शाई. "'मोठी' हा शब्द खोटा आहे. तेवढी हरकत मागे घेत नाही. अकरा पट्ट्या चुकल्या, आणि त्या मोजणाऱ्यानं एकही लपवली नाही. मी ट्यूनर आहे. सुटका अजून पुरी झालेली नाही. पुढच्या वर्षी फुल्या मोजून कळवीन."

"दुसरी बाजू?" आत्यानं न्यायाधीशासारखं विचारलं.

"मान्य," बाबा म्हणाले, आणि जेवणावर तुटून पडायला सगळ्यांना तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेच्या सभागृहातला पियानो लावायचा होता. मधली सप्तकं टिंगीनं लावायची, वरची दोघांनी मिळून. बापलेक निघाले, अवजारांची पिशवी तिच्या खांद्यावर. रस्त्याला लागल्याबरोबर बाबांची टकळी सुरू झाली. ते तिच्या डाव्या बाजूनं चालत होते, हातवारे करत, कधी थांबून, कधी हसून, आणि तिला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. नुसते ओठ हलताना दिसत होते. गेले आठ महिने ते त्या बाजूला असले की तिला बरंच वाटायचं.

कोपऱ्यावर ती थांबली. बाबांचं कोपर धरून तिनं त्यांना आपल्या पाठीमागून फिरवलं आणि उजवीकडे आणून उभं केलं.

"काय गं? काय झालं?"

"इकडून चला," टिंगी म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांगा."